‘इच्छाशक्तीच नाही’ म्हणणं आता थांबवा : सिगारेट सोडण्याचे पहिले दहा दिवस

‘मनावर घेतलं तर माणूस काहीही सोडू शकतो.’ सिगारेट सोडायला निघालेल्याला हे वाक्य ऐकवणाऱ्यांची पुण्यात कमी नाही. घरी वडील ऐकवतात, ऑफिसात साहेब ऐकवतात, आणि दवाखान्यात आमच्यापैकी कित्येक डॉक्टर चिठ्ठीच्या तळाशी ‘सिगारेट बंद करा’ एवढं लिहून मोकळे होतात. मग तो माणूस सोमवारी सोडतो, बुधवारी घरात सगळ्यांवर खेकसतो, गुरुवारी टपरीवर जातो आणि शुक्रवारी सगळे मिळून निकाल देतात : ‘याच्यात इच्छाशक्तीच नाही.’

हा लेख या निकालाविरुद्ध आहे. तुम्ही आज, काल किंवा परवा शेवटची सिगारेट ओढून थांबला असाल, तर तो तुमच्यासाठी आहे. आणि तुमच्या घरात किंवा शेजारच्या टेबलावर असा कुणी असेल, तर तो तुमच्यासाठी थोडा जास्तच आहे.

आधी एक हिशेब मांडू. कुठलीही मदत न घेता, फक्त निश्चयाच्या जोरावर सिगारेट सोडणाऱ्या शंभर जणांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे साधारण तीन ते पाच असतात. घसरणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच घसरतात. आता विचार करा. उरलेल्या पंच्याण्णव जणांमध्ये एकालाही इच्छाशक्ती नव्हती? त्यांच्यात वीस वर्षं घराचा हप्ता न चुकवणारे आहेत. नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करून सीए झालेले आहेत. आळंदीहून पंढरपूरपर्यंत दरवर्षी पायी जाणारे आहेत. ज्या परीक्षेत असे लोकही शंभरातले पंच्याण्णव नापास होतात, तिथे विद्यार्थ्यांना दोष देण्याआधी ती परीक्षा काय आहे ते बघायला हवं.

मेंदूत नेमकं काय चालू असतं?

सिगारेटचा झुरका घेतला की निकोटिन फुप्फुसांतून रक्तात आणि तिथून मेंदूत पोचायला दहा ते वीस सेकंद लागतात. शिरेतून दिलेलं इंजेक्शनही इतक्या झटपट मेंदूत पोचत नाही. तिथे निकोटिन ज्या ग्राहींना चिकटतं, त्यांची संख्या रोजच्या सिगारेटींमुळे वाढत जाते. मेंदू निकोटिन गृहीत धरूनच आपलं काम बसवून घेतो.

पण निकोटिन टिकत नाही. दर दोन तासांनी रक्तातलं त्याचं प्रमाण जवळपास निम्मं होतं. म्हणून दोन-तीन तासांनी हात खिशाकडे जातो. म्हणून रात्रभराच्या उपासानंतर सकाळची पहिली सिगारेट सगळ्यात गोड लागते. ‘सिगारेटनं माझा ताण जातो’ असं तुम्ही म्हणता, तेव्हा तुम्ही खोटं बोलत नसता. ताण खरोखर जातो. फक्त त्यातला मोठा भाग आधीच्या सिगारेटनं मागे ठेवलेला असतो. सोडून काही आठवडे झालेल्यांची चिंता आणि उदासी, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेली दिसते. पण तिथे पोचायचं तर मधले दिवस पार करावे लागतात, आणि ते दिवस खरोखर अवघड असतात.

या दिवसांना वैद्यकशास्त्रात नाव आहे, लक्षणांची यादी आहे, वेळापत्रक आहे आणि औषधही आहे. एवढं सगळं असलेल्या गोष्टीला आपण घरी ‘नाटकं’ म्हणतो.

दहा दिवसांचं वेळापत्रक

पहिला दिवस. शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडीचे ठोके आणि रक्तदाब खाली येऊ लागतात. साधारण एका दिवसात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड सिगारेट न ओढणाऱ्या माणसाइतका होतो. तुम्हाला मात्र यातलं काहीच जाणवणार नाही. जाणवेल ती अस्वस्थता. ती शेवटच्या सिगारेटनंतर चार तासांपासून चोवीस तासांपर्यंत कधीही सुरू होते.

दुसरा आणि तिसरा दिवस. हे सगळ्यात कठीण. चिडचिड, कामात लक्ष न लागणं, डोकं जड होणं, झोप मोडणं, विनाकारण रडू येणं, सारखी भूक लागणं. ‘आपण सोडायला नको होतं’ असं वाटण्याचा हाच मुहूर्त. नीट लक्षात ठेवा : त्रासाचा हा माथा आहे. इथून पुढे उतार आहे. बहुतेक जण माथ्यावरूनच परत फिरतात आणि त्यांना वाटतं, पुढेही असाच चढ असणार.

चौथा ते सातवा दिवस. आता शरीराच्या तक्रारी पुढे येतात. खोकला वाढू शकतो, कारण श्वासनळ्यांची स्वतःला साफ करण्याची यंत्रणा पुन्हा कामाला लागते. पण खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर ‘सिगारेट सोडल्यामुळे असेल’ म्हणून घरी बसू नका. तपासणी करून घ्या. आपल्याकडे क्षयरोग अजून गेलेला नाही. तोंडात छाले येऊ शकतात. आणि पोट साफ होत नाही. ‘डॉक्टर, सिगारेटशिवाय सकाळी होतच नाही,’ हे लाजत सांगणारे रुग्ण खूप आहेत. लाजू नका. निकोटिन आतड्यांना ढकलतं, हे खरं आहे. ते बंद झालं की आतडी काही दिवस रेंगाळतात. सकाळी उठल्यावर दोन भांडी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि काकडी-गाजराची कोशिंबीर, रात्री इसबगोल, रोज अर्धा तास चालणं. दोन-तीन आठवड्यांत घडी बसते.

आठवा ते दहावा दिवस. त्रास स्पष्टपणे कमी झालेला असतो. इथला धोका वेगळाच आहे. आता तलफ दिवसभर राहत नाही, ती प्रसंगानं येते : जेवण झाल्यावर, क्लायंटचा फोन ठेवल्यावर, शनिवारी रात्री मित्रांत बसल्यावर. आणि मनात येतं, ‘जमलं की आपल्याला! आता एक ओढली तरी काय बिघडतंय?’ या वाक्याकडे पुढे सविस्तर येतो.

दहाव्या दिवशी सगळं संपतं असं नाही. लक्षणं पूर्ण ओसरायला दोन ते चार आठवडे लागतात. पण सगळ्यात उभा चढ या दहा दिवसांत येऊन जातो.

आणखी एक गोष्ट. एकेक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते, क्वचित दहा. ती वाढत वाढत जाईल आणि आपल्याला गिळेल, असं त्या क्षणी वाटतं. तसं होत नाही. तुम्ही ओढा किंवा न ओढा, ती ओसरते. म्हणून ‘आयुष्यभर ओढणार नाही’ ही प्रतिज्ञा बाजूला ठेवा. घड्याळ बघा आणि दहा मिनिटं काढा. गार पाणी सावकाश प्या, जिना चढून उतरून या, बडीशेप किंवा लवंग चघळा, कुणाला तरी फोन लावा. लवंग-बडीशेपच्या जागी तंबाखूची चिमूट मात्र नको. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूर नसलेली तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे सिगारेट सोडणाऱ्याच्या आजूबाजूला तंबाखूची पुडी कायम हजर असते. निकोटिन तेच, आणि वर तोंडाच्या कॅन्सरचा धोका. ई-सिगारेटही नको, तिच्या विक्रीवर देशात २०१९ पासून बंदी आहे आणि त्या नळीत काय भरलेलं आहे याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

चहाचं काय करायचं?

पुणेकराला हा प्रश्न टाळता येणार नाही. अमृततुल्यचा चहा आणि शेजारच्या पानटपरीवरची सिगारेट ही जोडी या शहरात इतकी जुनी आहे की एक आली की दुसरीची आठवण होतेच.

पण आठवणीखेरीज यात एक रसायनही आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीनचा निचरा भराभर करतं. धूर बंद झाला की काही दिवसांतच तो वेग कमी होतो. मग रोजच्याइतकाच चहा-कॉफी घेऊनही रक्तात कॅफीन बरंच जास्त साठतं, अगदी दुपटीच्या घरात जाऊ शकतं. त्याची लक्षणं कोणती? धडधड, हाताला कंप, झोप उडणं, अस्वस्थता. म्हणजे हुबेहूब निकोटिन तुटल्याची लक्षणं! माणसाला वाटतं, सिगारेटविना जीव जातोय. प्रत्यक्षात त्यातला काही भाग सहाव्या कपाचा असतो. तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे चहा-कॉफी निम्मी करा. संध्याकाळनंतर नको. आणि शक्यतो टपरीपासून लांब, जागेवर बसून प्या.

याच कारणानं काही औषधांचा परिणामही बदलतो. दम्यासाठीचं थिओफिलिन, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, मानसिक आजारांवरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही त्यातली महत्त्वाची. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखरही बदलू शकते. यातलं काही घेत असाल तर सिगारेट सोडल्याचं तुमच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवा. औषध स्वतःहून कमी-जास्त करू नका.

औषध आहे. ते घेण्यात कमीपणा कसला?

मधुमेहाच्या रुग्णाला आपण ‘इच्छाशक्तीनं साखर खाली आण’ असं सांगून घरी पाठवत नाही. पथ्य सांगतो आणि गोळीही देतो. निकोटिनच्या बाबतीत मात्र फक्त पथ्य सांगायचं आणि गोळीचं नाव काढायचं नाही, अशी पद्धत पडून गेली आहे.

निकोटिनचा गम आणि पॅच यांनी सोडण्यात यश येण्याची शक्यता साधारण दीडपट होते. जागतिक आरोग्य संघटनेनं ही औषधं २००९ मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीतही ती आली. तरीही ‘सिगारेट सोडायची आहे’ म्हणून औषधाची चिठ्ठी घ्यायला स्वतःहून येणारा माणूस विरळा. तो येत नाही कारण त्याला लहानपणापासून सांगितलंय, ही मनाची लढाई आहे आणि औषध घेणं म्हणजे हरणं.

‘एक व्यसन सोडून दुसरं लावून घ्यायचं का?’ हा नेहमीचा आक्षेप. त्याचं उत्तर साधं आहे. तुम्हाला अडकवतं ते निकोटिन, पण कॅन्सर आणि फुप्फुसांचा आजार देतो तो धूर. त्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं आहेत आणि त्यांतली सत्तरच्या आसपास कॅन्सरला कारण होतात. गममध्ये धूर नाही. निकोटिन आहे, पण ते गालाच्या आतल्या त्वचेतून हळूहळू जातं, दहा सेकंदांत मेंदूवर आदळत नाही. काही आठवडे घेऊन ते टप्प्याटप्प्यानं कमी करायचं असतं. जिना उतरताना कठडा धरावा, तसा हा आधार आहे.

गम ‘चालला नाही’ म्हणणारे बरेच जण तो साध्या चुइंगमसारखा कचाकचा चावतात. त्यानं निकोटिन थुंकीतून पोटात जातं, उचक्या आणि मळमळ होते, आणि तलफ तशीच राहते. योग्य पद्धत अशी :

– सावकाश चार-सहा वेळा चावा. जिभेला चुरचुर किंवा तिखटसर चव जाणवली की थांबा.
– गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये मिनिटभर ठेवून द्या. चुरचुर गेली की पुन्हा चावा, पुन्हा दुसऱ्या बाजूला ठेवा. एक गम असा अर्धा तास चालवा.
– गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक नको. त्यानं निकोटिन शोषलं जात नाही.
– तलफ अनावर होण्याची वाट बघू नका. पहिले काही आठवडे दर एक-दोन तासांनी, ठरवून घ्या.

२ मिलिग्रॅमचा गम औषधांच्या दुकानात सहज मिळतो. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तुम्हाला पहिली सिगारेट लागत असेल, तर तुमचं अवलंबित्व जास्त आहे. तुम्हाला ४ मिलिग्रॅमचा गम किंवा गम आणि पॅच दोन्ही लागू शकतात. त्यासाठी डॉक्टरांना भेटा. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही उपयोगी आहेत. त्या सोडण्याच्या तारखेआधी साधारण आठवडाभर सुरू करतात आणि त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. फिट्स येणाऱ्यांना ब्युप्रोपिऑन चालत नाही. गरोदर महिलांनी आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी यातलं काहीही विचारल्याशिवाय घेऊ नये. ‘परवडत नाही’ म्हणण्याआधी एक गुणाकार करा : सिगारेट वीस रुपयांची धरली आणि दिवसाला दहा, तर महिन्याचे सहा हजार झाले.

‘एकच तर आहे!’

आता त्या वाक्याकडे येऊ. पहिल्या दहा दिवसांत सोडणाऱ्याला बुडवणारं वाक्य कुठलं असेल, तर हे. ते तीन प्रकारे येतं.

पहिला प्रकार : ‘एकदम नको, हळूहळू कमी करतो.’ ऐकायला समंजस वाटतं. पण २०१६ साली इंग्लंडमधल्या सुमारे सातशे जणांच्या अभ्यासात या दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या गेल्या. दोन्ही गटांना औषध आणि सल्ला सारखाच मिळाला. चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकून होते, हळूहळू सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. सहा महिन्यांनंतरही एकदम सोडणारेच पुढे होते.

दुसरा प्रकार : ‘दहावरून एकावर आणली, आता काय धोका?’ हृदयाला हा हिशेब कळत नाही. अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला एका सिगारेटनंही राहतो. वीसातल्या एकोणीस कमी केल्या म्हणजे धोका एकविसांश झाला, असं गणित नाही. कमी केल्याबद्दल तुमचं कौतुक आहे, पण थांबायची जागा शून्य आहे.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो प्रेमानं येतो : ‘अरे घे रे, एकानं काय होतंय!’ मित्रहो, तुमच्या दृष्टीनं ती एक सिगारेट आहे. त्याच्या मेंदूत मात्र वाट पाहत बसलेल्या ग्राहींना ती मिळालेली खबर असते की माल पुन्हा सुरू झाला. मद्य सोडलेल्या माणसापुढे आपण ग्लास धरत नाही, निदान धरला तर चार जण नावं ठेवतात. सिगारेट सोडलेल्यापुढे पाकीट धरणाऱ्याला मात्र आपण दिलदार म्हणतो.

सुट्या सिगारेटीबद्दल

महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि सुट्या बिड्या विकण्यावर बंदी घातली. आज आपल्या शहरात कुठल्याही पानटपरीवर जाऊन उभे राहा. सिगारेट सुटीच मिळते, आणि पेटवायला लायटर दोरीला बांधून लटकवलेला असतो.

ही बंदी क्षुल्लक वाटत असेल तर सोडणाऱ्याच्या जागी उभे राहून बघा. तलफ तीन ते पाच मिनिटांची असते, हे आपण वर पाहिलं. त्या पाच मिनिटांत अख्खं पाकीट घ्यायचं म्हटलं तर खिशाला शंभर-दोनशेचा विचार करावा लागतो, आणि ‘आपण पुन्हा सुरू करतोय’ हे स्वतःशी कबूल करावं लागतं. तेवढ्यात तलफ जाते. सुटी सिगारेट हा विचार करू देत नाही. वीस रुपये टाकले की झालं, आणि मनाला सांगायला ‘एकच तर घेतली’ हे तयार. कॉलेजातल्या मुलाची पहिली सिगारेटही अशीच सुटी असते. पाकिटाला त्याच्याकडे पैसे नसतात.

आणखी एक नुकसान आहे. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचं चित्र आणि इशारा छापणं २०१६ पासून सक्तीचं आहे. सप्टेंबर २०१८ पासून त्यावर तंबाखू सोडण्यासाठी मदतीचा फोन क्रमांकही छापला जातो. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात हे पाकीट येतच नाही. ते टपरीवाल्याच्या गल्ल्यामागे राहतं. ज्या माणसाला त्या क्रमांकाची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच्या नजरेला तो कधी पडतच नाही.

‘टपरीवाल्याच्या पोटाचं काय?’ असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. बंदी घालणाऱ्यांनी त्याचा विचार करायला हवा आणि हप्तेबाजीला नवं निमित्त मिळणार नाही हेही बघायला हवं. पण त्याचं पोट भरण्यासाठी बंदी कागदावर ठेवायची आणि पुन्हा घसरणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘इच्छाशक्ती नाही’ म्हणायचं, हा ढोंगीपणा झाला. शाळा-कॉलेजांपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे. शिक्षणाचं माहेरघर म्हणवणाऱ्या या शहरात ते शंभर यार्ड कुणी मोजतं का? महापालिका, पोलिस आणि अन्न व औषध प्रशासन यांना हा प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. सोसायटीच्या, कंपनीच्या किंवा कॉलेजच्या दारातली टपरी असेल तर तो विचाराच.

घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी

वहिनी, काकू, आई : तो दहा दिवस चिडेल. भाजीत मीठ कमी म्हणूनही चिडेल. त्याचं वागणं तुम्ही मुकाट सोसावं असं मी म्हणणार नाही. आवाज चढवला तर ‘आत्ता नको, नंतर बोलू’ म्हणून बाजूला व्हा. पण ‘यापेक्षा ओढत होतास तेव्हाच बरा होतास’ हे वाक्य चुकूनही बोलू नका. त्याच्या मेंदूला नेमकी अशाच परवानगीची वाट असते. ‘आज किती ओढल्या?’ असं विचारण्यापेक्षा ‘आज कोणती वेळ कठीण गेली?’ असं विचारा. खिसे तपासू नका. रात्री जेवण झालं की त्याला एकट्याला खाली जाऊ देऊ नका, दोघं मिळून चक्कर मारा. आणि घरात सिगारेट ओढणारी बाई असेल, तर तिला आधी मान खाली घालायला लावून मग ‘सोड’ म्हणू नका. तिच्यासाठी उपचार तेच आहेत. तिला ते विचारण्याची हिंमत होत नाही, एवढाच फरक.

मित्रांनो, तुम्हाला सोडायची नसेल तर तो तुमचा प्रश्न. पण दहा दिवस त्याला ‘चल, खाली जाऊन येऊ’ म्हणू नका. हिंजवडी-मगरपट्ट्यातल्या ऑफिसांत कामाच्या अर्ध्या गप्पा टपरीवरच होतात, हे ठाऊक आहे. त्या गप्पांतून तो बाहेर पडू नये म्हणून चहा वर मागवा. रविवारी सकाळी पर्वती किंवा तळजाई चढायला त्याला घेऊन जा. पहिल्या रविवारी तो धापा टाकेल. महिन्याभरानं त्याच्याशी बोलत बोलत चढता येतं का बघा.

घसरलात तर

सहाव्या दिवशी एक ओढली गेली, तर काय? बहुतेकांना वाटतं, सगळं पाण्यात गेलं, आता उद्यापासून पुन्हा दहा. तसं काहीही नाही. हातातली विझवा, उरलेल्या फेकून द्या आणि एक गोष्ट लिहून ठेवा : कुठे होतो, कुणाबरोबर होतो, किती वाजले होते, गम जवळ होता का. उद्या त्या जागी, त्या वेळी जायचं नाही. कायमची सोडलेल्यांपैकी कितीतरी जणांचे आधीचे अनेक प्रयत्न फसलेले असतात. जी चिडचिड सोसून सहा दिवस काढलेत, ती सोसण्याची ताकद तुमच्यात आहे हे सिद्ध झालेलं आहे. कमी पडलं ते औषध, किंवा त्या संध्याकाळची आखणी.

वजन दोन-चार किलो वाढू शकतं. त्यासाठी पुन्हा सिगारेट धरण्याइतका तो तोटा नाही. पण खूप उदास वाटत राहिलं, जगणं नकोसं वाटलं, छातीत दुखलं, तर वाट न बघता डॉक्टरकडे जा.

आणि ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ म्हणणाऱ्या काकांसाठी एक आकडा. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली आले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीला सोडणाऱ्यांनी ती जवळपास सगळी वर्षं परत मिळवली, पन्नाशीला सोडणाऱ्यांनी सहा, आणि साठीला सोडणाऱ्यांनीही तीन. नातवाला पहिलीत सोडायला जाणं आणि चौथीत गेलेला बघणं, यात तेवढंच अंतर असतं.

पाकिटावर छापलेला तो क्रमांक आहे १८००-११-२३५६. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा हा फोन मोफत आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ही सेवा २०१६ साली सुरू झाली, पुढे मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र झालं. मराठीत बोलता येतं. पलीकडचा माणूस तुम्हाला उपदेश करत नाही. तुमच्याबरोबर सोडण्याची तारीख ठरवतो आणि पुन्हा फोन करून चौकशी करतो.

आज रात्री एवढंच करा. हा क्रमांक मोबाइलमध्ये साठवा. घरातल्या सिगारेटी, लायटर, अॅश ट्रे कचऱ्यात टाका. उद्या सकाळी पहिली तलफ कधी येते ते तुम्हाला आत्ताच माहीत आहे. त्या वेळी हातात काय असेल ते ठरवून झोपा. आणि उद्या कुणी ‘तुझ्यात इच्छाशक्तीच नाही’ म्हणालं, तर त्यांना हा लेख पाठवा.